फुलं विणणाऱ्या रिएगोबाई

महालक्ष्म्यांचा सण तोंडावर आला की आमच्या पोखर्णीच्या घरात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. (गौरींना आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी आधीच सांगून ठेवते!) मुखवटे, साड्या, दागिने, मखराचे पडदे असं सगळं त्या पेटीत. सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी पेटी पहिल्यांदाच मी एकटीने उतरवली. तळाशी बिस्किटांचा एक जुना डबा होता. मला वाटलं, कुंकवाच्या डब्या असतील. उघडला, तर आत नुसती फुलं आणि पानं. क्रोशाने विणलेली, पांढऱ्या दोऱ्याची, एकही दुसऱ्याला न जोडलेलं. ओसरीवर चादर पसरून मी ती मोजली. एकशे त्रेचाळीस भरली.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. पोखर्णी म्हटलं की लोकांना आठवतो तो नृसिंह. परभणी-गंगाखेड रस्त्यावरचं आमचं हे गाव, रेल्वे स्टेशनच्या पाटीवरसुद्धा देवाचं नाव गावाला जोडलेलं. दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांची आमच्या घरी सतत ये-जा. त्यांची जेवणं, शेतावरच्या माणसांच्या भाकरी, वेचणीच्या दिवसांत कापसाची धांदल, हे सगळं आवरून आत्याबाई दुपारी ओसरीच्या खांबाला टेकून बसायच्या आणि क्रोशा हातात घ्यायच्या. समोर पुस्तक नाही, नमुना नाही. बोलता बोलता एक पान पूर्ण व्हायचं, ते पदराखाली जायचं आणि दुसरं सुरू.

मी परभणीला शाळेत नोकरी करणारी सून. एसटीने जायचं, एसटीने यायचं, आल्यावर पुन्हा चूल. मला त्या विणकामाचा मनातून थोडा रागच यायचा. एकदा तर मी बोलूनही गेले होते की हा रिकामपणाचा उद्योग आहे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र मी घरात असताना त्यांच्या हातात क्रोशा मला फारसा दिसला नाही. डबा उघडला तेव्हा हे सगळं आठवलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्या गेल्या म्हणून होतं की माझ्या त्या वाक्यामुळे, हे आजही सांगता येणार नाही.

आता प्रश्न असा, की या फुलांचं करायचं काय? आमच्याकडे बायकांना गोल रुमाल येतो, चौकोन येतात, चौकोनाला चौकोन जोडून टीव्हीवरचा रुमाल येतो, दाराचं तोरण येतं. पण एकही पान दुसऱ्यासारखं नाही, कुठलं फूल सहा पाकळ्यांचं तर कुठलं नऊ, हे एकत्र बांधायचं कसं? गल्लीतल्या जाणत्या बायकांना दाखवलं. सगळ्यांनी कौतुक केलं आणि सगळ्यांनी मान हलवली. शेवटी पुण्याला शिकणाऱ्या लेकीने मोबाईलवर शोधून सांगितलं, की आई, याला आयरिश क्रोशा म्हणतात आणि यात फुलं सुटीच विणायची असतात. पोखर्णीच्या ओसरीवर आयर्लंड? मग मी शोधत बसले. या शोधात मला एक बाई भेटल्या. त्यांना जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झालीत. पण विणकामाच्या जगात त्यांचं नाव अजून आदराने घेतात. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

त्यांचं नाव एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर. नाव उच्चारतानाच दमायला होतं, म्हणून आपण त्यांना रिएगोबाई म्हणू. जन्म १८२८चा. वडील फ्रान्समधल्या खानदानी घराण्यातले, आई आयरिश, आणि बाईंचं सगळं काम झालं लंडनमध्ये. आपल्या नावामागे त्या शेवटपर्यंत फ्रेंच रिवाजाप्रमाणे मादमोझेल, म्हणजे कुमारी, असं लावत राहिल्या. त्यांच्या पुस्तकांवर तेच छापलेलं आहे.

क्रोशे या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहानशी आकडी. आपल्याकडे साडीला फॉल-पिको करतात ना, त्यातला पिकोसुद्धा मूळचा फ्रेंचच. क्रोशाच्या कडेला आपण तीन साखळ्यांचा जो बारीक दाणा काढतो, तो पिको. रिएगोबाई मोठ्या होत होत्या त्या काळात, म्हणजे १८४०च्या सुमारास, ही आकडी युरोपातल्या घराघरांत नुकतीच शिरत होती. लँकेशायरच्या गिरण्यांमुळे सूत स्वस्त झालं होतं. दोन सुयांवर विणणं जुनं होतं, सुई-दोऱ्याची लेसही जुनी. क्रोशा मात्र नवा. एक आकडी, एक गुंडी, आणि टाका निसटला तरी एकच निसटतो, सगळं काम उसवत नाही. बायकांना हे आवडणारच.

अडचण शिकण्याची होती. आजवर विणकाम शिकायचं ते शेजारी बसून, दुसरीचे हात बघून. आपणही तसंच शिकलो, नाही का? पण जिच्या शेजारी शिकवणारी कुणी नाही, तिने काय करायचं? तेव्हा नमुन्याची जी पुस्तकं मिळत, त्यांतली वर्णनं मोघम असायची. नवशिकीला त्यावरून काही उमगत नसे.

१८४६ साली रिएगोबाईंचं पहिलं पुस्तक आलं. विणकाम, क्रोशा आणि जाळीकाम असा त्याचा विषय, आणि आत बारा चित्रं. बाई तेव्हा अठराच्या होत्या. आपल्याकडे त्याच्या दोन वर्षं नंतर, १८४८ साली, पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली आणि तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. दोन देश अगदी वेगळे, कामं वेगळी, दोघींच्या वाट्याला आलेला त्रास तर मुळीच सारखा नाही. तरी ही दोन वयं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात.

या पुस्तकाने आणि त्यानंतरच्या पुस्तकांनी एक साधी गोष्ट केली. विणणं ओळीओळीने, टाक्याटाक्याने लिहून काढलं. इतक्या साखळ्या, मग इतके खांब, मग अमुक ठिकाणी वळा. कुठल्या आकाराची आकडी घ्यायची आणि कुठला दोरा, हेही त्या सांगत. आज आपण मासिकातला नमुना बघून सहज रुमाल विणतो, त्यामागे ही अशी कुणीतरी केलेली मेहनत आहे. पाककृतीत अंदाजाने मीठ घालण्याऐवजी चमचे मोजून लिहायला जिने सुरुवात केली, तिच्यासारखंच हे काम. स्वयंपाक तिच्या आधीही होताच, पण आईपासून दूर राहणाऱ्या मुलीला तो जमायला लागला या मोजलेल्या चमच्यांमुळे.

पुढची चाळीस वर्षं बाई लिहीतच राहिल्या. लहानमोठी मिळून सत्तरच्या आसपास पुस्तकं. क्रोशाची मालिका, हिवाळ्यासाठी लोकरीच्या कपड्यांची पुस्तकं, टॅटिंगवरचं १८५०मधलं पुस्तक. आपल्या आज्यांनी छोट्या धोट्याने टॅटिंगच्या लेस केल्या, त्या कलेलाही वळण लावणाऱ्यांत बाईंचं नाव घेतात. १८५०च्या दशकात त्यांनी द नीडल, म्हणजे सुई, या नावाचं मासिकही चालवलं. लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्यांचं दुकान होतं आणि त्या स्वतः शिकवतही. इंग्लंड-फ्रान्सचं सैन्य रशियाविरुद्ध क्रायमियाच्या थंडीत अडकलं, तेव्हा १८५४ साली त्यांनी सैनिकांना पाठवायच्या गरम कपड्यांचं पुस्तक काढलं. घरबसल्या बायकांना युद्धावरच्या माणसासाठी काय करता येईल, याचं उत्तर त्यात टाक्यांच्या भाषेत होतं.

त्याआधी, १८५१ साली लंडनमध्ये जगातलं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. काचेचा प्रचंड महाल, आणि सहा महिन्यांत साठ लाखांवर भेटी. हिंदुस्थानातून नेलेला कोहिनूर हिरा तिथेच लोकांना दाखवला गेला. त्याच प्रदर्शनात रिएगोबाईंना त्यांच्या क्रोशासाठी पदक मिळालं. जिथे वाफेची इंजिनं आणि यंत्रमाग मांडलेले, तिथे एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या आकडीच्या कामाला पदक!

पण आत्याबाईंच्या डब्यातल्या फुलांशी याचा संबंध कुठे येतो? तो येतो एका दुष्काळातून.

युरोपात जुनी, फार महाग अशी उठावाची लेस असायची. व्हेनिसची, स्पेनची. सुई-दोऱ्याने केलेली, फुलं-वेली अशी भरीव की बोट फिरवलं तर उंचवटे लागावेत. एका कॉलरला महिनोन्महिने लागत. राजे, सरदार आणि बिशप यांनाच ती परवडायची. रिएगोबाईंनी या लेसच्या घाटाची फुलं-पानं क्रोशाने करून बघितली आणि त्यांचे नमुने पुस्तकात दिले. सुईने जे करायला महिने लागत, ते आकडीने कितीतरी लवकर होऊ लागलं.

आणि १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. तिथल्या गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर. आपल्याकडे ज्वारी काळी पडावी आणि घरात दुसरं धान्यच नसावं, तसं. एक वर्ष नाही, ओळीने काही वर्षं. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगांनी गेली आणि तितक्याच किंवा त्याहून जास्त माणसांनी देश सोडला. पुरुषांच्या हाताला काम नाही. अशा वेळी ननांच्या मठांनी आणि काही गृहिणींनी बायका-मुलींना क्रोशा शिकवायला घेतला. दक्षिणेत कॉर्क शहराच्या परिसरात मठातल्या ननांनी, उत्तरेत क्लोनिस गावी तिथल्या धर्मगुरूच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी. हँडबाईंनी १८४७ साली किल्डेअर परगण्यातून शिकवणारी बाई बोलावून घेतली. हत्यार म्हणाल तर काही नाही. सुईचं टोक वाकवून लाकडात बसवलं की झाली आकडी. दोऱ्याची एक गुंडी आणि खिडकीतला उजेड, एवढ्यावर काम सुरू.

या शाळांमध्ये रिएगोबाईंचे नमुने पोचले होते. ज्या आईच्या देशात त्यांचं आयुष्य गेलं नाही, त्या देशातल्या झोपड्यांमध्ये त्यांचं पुस्तक गेलं. या क्रोशाच्या पैशावर घरं जगली, भाडी भरली गेली, आणि कितीतरी मुलींनी अमेरिकेला जायचं बोटीचं तिकीट आपल्या आकडीच्या जिवावर काढलं.

आता या फुलांची खुबी सांगते, कारण माझं कोडं सुटलं ते इथेच. आपण रुमाल मध्यापासून सुरू करतो आणि फेऱ्या वाढवत कडेपर्यंत जातो. पाचवी फेरी चुकली तर पुढच्या सगळ्या चुकतात. आयरिश बायका तसं करत नाहीत. त्या प्रत्येक फूल, प्रत्येक पान वेगळं विणतात. पानासाठी आधी साखळी घालायची. तिच्या दोन्ही बाजूंनी मुके खांब, पण टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यातून, म्हणजे पानाला शिरा उमटतात. ओळीच्या शेवटचे तीन-चार टाके तसेच सोडून उलटायचं, की कड आपोआप दातेरी होते. गुलाबासाठी पाकळ्यांची एक फेरी, तिच्या पाठीमागून साखळ्यांचे झोके, त्या झोक्यांवर आणखी मोठ्या पाकळ्या, आणि त्यामागे पुन्हा एक फेरी. फूल उठावदार व्हावं म्हणून दोऱ्याचे चार-सहा पदर एकत्र धरून त्यांच्यावरून टाके घ्यायचे. आत्याबाईंच्या फुलांच्या कडा हाताला भरीव का लागतात, ते मला तेव्हा कळलं.

मग कापडावर कॉलरचा किंवा झग्याचा आकार काढायचा. त्यावर ही फुलं-पानं उलटी, म्हणजे सुलटी बाजू खाली करून मांडायची आणि कच्च्या टाक्यांनी टाचायची. मधल्या मोकळ्या जागा साखळ्या आणि पिको घालत जाळीने भरून काढायच्या. ही जाळीही नियमाची नाही. जागा वाकडी असेल तर जाळी वाकडी जाते. शेवटी कच्चे टाके कापले की अखंड लेस कापडावरून सुटून हातात येते. फूल सहा पाकळ्यांचं असो की नऊ, काही बिघडत नाही. जाळी सगळ्यांना सांभाळून घेते.

ही रीत दुष्काळातल्या बायकांना सोयीची होती. एक फूल कडेवर पोर घेऊनही होतं, चुलीवर भांडं ठेवूनही होतं, खिशात टाकून शेतावरही नेता येतं. एका घरात फक्त गुलाब, दुसऱ्या घरात फक्त पानं, तिसरीकडे द्राक्षांचे घोस, अशी वाटणी झाली. काही घरांनी आपली फुलं इतकी जपली की कुणी आलं तर काम पदराआड जायचं. आईने लेकीला द्यायचं ते हेच. क्लोनिसच्या बायकांनी जाळीत आपली एक भरीव गाठ आणली, ती आजही क्लोनिस गाठ म्हणूनच ओळखली जाते. पुस्तकात होती ती फुलं हळूहळू बाजूला पडली, आणि समोरच्या कुंपणावर, बांधावर जे दिसेल ते आकडीवर येऊ लागलं.

मला इथे थांबावंसं वाटतं. रिएगोबाईंचं सगळं आयुष्य टाके मोजून लिहिण्यात गेलं. एकही साखळी कमी-जास्त होऊ नये, ही त्यांची शिस्त. आणि त्यांच्या नमुन्यांचं सर्वांत मोठं यश काय, तर ज्यांना मोजायची गरजच उरली नाही अशा बायका! पुस्तकाबरहुकूम विणून विणून हात इतके तयार झाले की ते पुस्तकाबाहेर गेले. शाळेत शिकवण्यात माझी उमर गेली. विद्यार्थी आपल्या पुढे गेलेला बघणं यासारखं सुख नाही, हे मी भाषणात सांगत आले. पण खरं सांगू? थोडं दुखतंही. कारण मग श्रेय कुणाचं, हा प्रश्न येतोच.

तो रिएगोबाईंनाही आला. पुढे त्यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. नंतरच्या प्रदर्शनांतही पदकं मिळाली, युवराज्ञी अलेक्झांड्राच्या विणकामासाठी त्यांची नेमणूक झाली. १८८०च्या दशकात आयरिश क्रोशाला पुन्हा चांगले दिवस येऊ लागले, तेव्हा १८८६ साली त्यांनी आयरिश लेस शिकवणारं एक पुस्तक काढलं आणि त्यात आपला हक्क सांगितला. जुन्या स्पॅनिश लेसवरून हा प्रकार आपण काढला, आपल्याच नमुन्यांवरून तो आयर्लंडमध्ये गेला, असं त्यांचं म्हणणं. वय साठीच्या जवळ आलेलं, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या कामाबद्दल त्यांना हे लिहावंसं वाटलं. पुढच्याच वर्षी, १८८७ साली, त्या गेल्या.

आज लेसचा इतिहास लिहिणारे हे सगळं श्रेय त्यांना एकटीला देत नाहीत. ननांच्या मठांतलं शिकवणं होतं, हँडबाईंसारख्या खटपटी बायका होत्या, आणि नावगाव माहीत नसलेल्या हजारो विणणाऱ्या होत्या. ते बरोबरच आहे. पण रिएगोबाईंनी हक्क सांगितला हे मला चुकीचं वाटत नाही. बाईच्या हातकामावर कुणी नाव लिहीत नाही, हे त्यांना ठाऊक असणार. त्यांनी ते पहिल्या पुस्तकापासून लिहिलं, चांगलं लांबलचक, आडनावासकट. म्हणून तर आज मी त्यांच्याबद्दल लिहू शकते. त्या फुलांवर नावं नव्हती, त्यांच्याबद्दल एवढंच लिहिता येतं की त्या हजारो होत्या.

क्रोशा आपल्या देशात आला तो मिशनऱ्यांच्या हातून. आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर म्हणून गाव आहे. १८४४च्या सुमारास स्कॉटलंडहून आलेल्या मॅक्रे दांपत्याने त्या भागातल्या बायकांना लेसकाम शिकवलं आणि पुढे तो मोठा धंदाच झाला. तिथल्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शेजारच्या गंगाखेडवरून जी गोदावरी वाहते, तीच पुढे नरसापूरपाशी समुद्राला मिळते. तिच्या त्या टोकालाही, पलीकडच्या अंतर्वेदीला, लक्ष्मीनृसिंहाचंच देऊळ आहे. ही माहिती वाचली तेव्हा मी आमच्या देवाला एक नमस्कार जास्तीचा घातला.

नरसापूरच्या बायकांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९८२ साली आलं. त्यात त्यांनी दाखवलं की या बायका घरचं सगळं करून रोज सहा-आठ तास लेस विणत, लेस परदेशात जाई, निर्यात करणारे व्यापारी श्रीमंत होत, आणि बाईच्या हातात पडे ती अगदी तुटपुंजी मजुरी. कारण काय, तर त्या कामगार नव्हेतच. घरी बसलेल्या बायका फावल्या वेळात काहीतरी करतात, असंच सगळे धरून चालत. बायका स्वतःसुद्धा.

ते वाचताना मला माझंच वाक्य आठवलं. रिकामपणाचा उद्योग. मी बाई असून, नोकरी करणारी, शिकलेली असून तेच बोलले होते. आत्याबाईंना रिकामा वेळ होता कधी? पहाटे पाचला उठणारी बाई. दुपारचा जो तास त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता, तो मी रिकामा म्हटला. त्यांच्या विणकामाचे पैसे कधी आले नाहीत हे खरं. पण गावात कुणाचं बाळंतपण झालं की टोपडं जायचं, कुणाच्या लेकीच्या रुखवतात रुमाल जायचा. त्या रुखवतावर सुपाऱ्या सजवणारीचं, चिवड्याची पाकिटं रंगवणारीचं नाव चिकटवलेलं असे. रुमाल कुणाचा, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आत्याबाई हे कुणाकडून शिकल्या, ते आता कळायला मार्ग नाही. मी कधी विचारलंच नाही. आयर्लंडची रीत मिशनच्या एखाद्या शाळेतून, कुणा मास्तरांच्या बायकोकडून, लग्न होऊन आलेल्या एखाद्या सुनेकडून फिरत फिरत पोखर्णीला आली असेल. किंवा कसलीच रीत आली नसेल, साधा क्रोशा येत होता आणि पुढचं हातानेच शोधलं असेल. डब्यातली पानं मी नीट बघितली तेव्हा त्यात कापसाचं पान सापडलं. तीन भागांचं, टोकं काढलेलं. शेजारी अर्धवट उमललेलं बोंडसुद्धा. ते कुठल्याही आयरिश पुस्तकात असणार नाही!

जोडायला मला दोन वर्षं लागली. जुन्या सोलापुरी चादरीवर खडूने मखराच्या पडद्याचा आकार काढला, फुलं उलटी मांडली, टाचली आणि जाळी भरत गेले. पहिली जाळी दोनदा उसवली. डोळ्यांना चष्मा, हातात आत्याबाईंचीच आकडी, तिचा मधला भाग त्यांच्या बोटांनी झिजून चपटा झालेला. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे बेचाळीस फुलं-पानं लागली. एक कापसाचं पान मुद्दाम वेगळं ठेवलंय. त्याच्यासारखं दुसरं विणायचा प्रयत्न करते, मधली शीर अजून जमत नाही.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या मागे तो पडदा लागला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हात लावून बघत होत्या आणि कुठून आणला म्हणून विचारत होत्या. मी कोपरा उलटून दाखवत होते. तिथे जाळी संपते त्या जागी लाल दोऱ्याने आत्याबाईंचं पूर्ण नाव भरलंय. माहेरच्या नावासकट.